ग्युरोव सरांचा वाढदिवस

शुक्रवारपर्यंत कॉलेजच्या सगळ्या शिक्षकांनी ऑनलाइन वर्गाचं प्रशिक्षण पुरं केलं, तर ते देणाऱ्या रालित्साची नोकरी कायम होणार होती. संचालक कुनेव यांनी तसा शब्दच दिला होता. पण गुरुवार उजाडला तरी संगणकांच्या खोलीत तिच्यासमोर बसले होते एकटे इतिहासाचे ग्युरोव सर, तेही तिथला हीटर चांगला तापतो म्हणून. बाकीची मंडळी अंगणात कॉफी पीत, सिगारेटी ओढत शिक्षणाच्या भवितव्याची काळजी वाहत होती.

सूचना कशी लावायची हे दाखवताना रालित्सानं नमुन्यादाखल लिहिलं, 'आज ग्युरोव सरांचा वाढदिवस', आणि चुकून शेजारचंच 'सगळ्यांना एसएमएस' हे बटण दाबलं. कॉलेजातला प्रत्येक फोन वाजला.

आता आम्हा बल्गेरियन लोकांत ज्याचा वाढदिवस, खर्च त्याचा. ग्युरोव सरांनी तर उभ्या नोकरीत आपली जन्मतारीख कुणाला कळू दिली नव्हती. विषय इतिहास असूनही. प्रशिक्षणाला वेळ नसलेले सगळे शिक्षक बघता बघता फुलं घेऊन दारात हजर झाले.

"अहो, आज माझा वाढदिवस नाहीये," सर म्हणाले.

"कधीही विचारलं तरी तुमचं हेच," रसायनशास्त्राच्या स्तोयांका मॅडम खुर्ची ओढत म्हणाल्या. "आता कॉम्प्युटरच सांगतोय म्हटल्यावर वाद कशाला? बानित्सा कुठून मागवताय तेवढं बोला."

संगणकापुढे इतिहासाचं काय चालणार? सरांनी जन्मदाखला आणतो म्हणून सटकायला पाहिलं, पण दार अडवून सगळं गणित खातं उभं होतं. शेवटी चीज भरलेल्या गरमागरम बानित्सांच्या दोन पराती आणि रकिया ब्रँडीच्या बाटल्या आल्या.

खाल्ल्या मिठाला जागून सूचनेखाली शुभेच्छा लिहायचं ठरलं. पण त्यासाठी आधी ऑनलाइन वर्गात शिरता यायला हवं. मग काय, रालित्साभोवती झुंबड उडाली. कुणी पासवर्ड घेतला, कुणी फोटो चढवला. स्तोयांका मॅडमनी तर गाणं म्हणून त्याचा व्हिडिओ टाकला. ग्युरोव सरांना फक्त ती सूचना पुसायची होती, त्या खटपटीत तेही सगळं शिकले. संध्याकाळी एकूण एक नावापुढे प्रशिक्षण पुरं झाल्याची हिरवी खूण होती.

कुनेव साहेब खूश झाले. "शाब्बास पोरी. सगळ्यांना यायला लागलं म्हणजे तुझं काम संपलं. सोमवारपासून तू मोकळी."

रालित्सा शिक्षकांच्या खोलीत आली ती डोळे पुसतच. काय झालं ते ऐकून कुणाला बानित्साचा शेवटचा तुकडा उचलवेना. ग्युरोव सरांनी तो तिच्यापुढे सरकवला.

"तू माझा खिसा कापलास, हे मी विसरणार नाही," ते म्हणाले. "पण पासवर्ड मात्र विसरलो बघ."

स्तोयांका मॅडमनी फोन पर्समध्ये टाकला. "अगंबाई, मी पण."

सोमवारी कुनेव साहेबांच्या टेबलावर तक्रार आली. आम्हाला ऑनलाइन वर्ग उघडतासुद्धा येत नाही, शिकवणारं माणूस कायमचं हवं, असं सगळ्यांनी मिळून कळवलं होतं. ती तक्रार ऑनलाइन वर्गातच लावलेली होती. नीट मथळा देऊन, खाली एकेकाचा फोटो आणि हिरव्या खुणेसकट. साहेब स्वतः तिथे कधीच फिरकले नव्हते. प्रशिक्षणाचा हुकूम त्यांचाच, तेव्हा त्यांना प्रशिक्षण कशाला? सेक्रेटरी बाई त्यांना सगळं छापून देत.

साहेबांनी कागदावरून नजर फिरवली. "एवढं शिकवलं, तरी गाढवं ती गाढवंच," ते म्हणाले, आणि रालित्साला कायम केल्याच्या हुकमावर त्यांनी सही ठोकली.