तिसऱ्या बेडकाचं प्रेत

‘लिही,’ सासरे म्हणाले. ‘गुन्हेगारांचा कर्दनकाळ, गरुडाच्या नजरेचा, अफाट स्मरणशक्तीचा... काय गं तो पुढचा शब्द?’

सासरे पस्तीस वर्षं विजेचे मीटर वाचत होते. लोकांच्या घरात राजरोस घुसायचं, कोनाकोपऱ्यात डोकवायचं आणि आकडा टिपून निघायचं, यालाच ते गुप्तहेराचं खडतर शिक्षण म्हणतात. निवृत्त झाल्यावर त्यांनी स्वतःला डिटेक्टिव्ह नेमलं आणि मला, म्हणजे त्यांच्या एकुलत्या एका सुनेला, सहायक. दोन्ही नेमणुका त्यांनीच मंजूर केल्या.

तेवढ्यात नणंदेचा फोन आला. ती दातांची डॉक्टर. पेशंटांचा जीव जरा रमावा म्हणून तिने दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत काचेची टाकी ठेवली होती आणि तिच्यात अंगठ्याएवढे दोन पाणबेडूक.

‘वहिनी, एक बेडूक मेला आणि त्याचं प्रेत गायब झालंय. मावशी काम सोडून निघाल्यात. तू ये. बाबांना सांगू नकोस.’

बाबा तोवर बूट घालून दारात उभे होते. ‘पानं वाढलीत’ त्यांना तीनदा सांगावं लागतं. ‘प्रेत’ मात्र भिंतीपलीकडून ऐकू येतं.

दवाखान्यात मावशी खांद्याला पिशवी लावून रडत होत्या. अकरा वर्षं त्याच दवाखाना झाडायच्या, बेडकांना खायलाही त्याच घालायच्या.

‘पांढराफटक पडला होता हो! हातपाय पसरून तरंगत होता. ताईंना बोलवायला आत गेले, आले तर प्रेत नाही. एकच बेडूक उरलाय. माझ्याच हातून गेला तो. काय तोंड दाखवू?’

‘मावशी, तुम्हाला कुणी बोललंय का?’ नणंद कळवळून म्हणाली.

‘माझं मन बोलतंय ना!’

बाबांनी भिंग काढलं आणि टाकीवर रोखलं. पलीकडून बेडकानेही डोळा लावला. दोघांनाही फारसं काही दिसलं नसावं.

‘आत्महत्या,’ बाबा म्हणाले. ‘पाण्यात बुडून.’

‘पाण्यातच राहतात ते, बाबा.’

‘मग अपहरण!’

खोलीत एकच पेशंट बसला होता, टाकीच्या अगदी समोर. गाल टम्म सुजलेला.

‘सूनबाई,’ बाबा कुजबुजले, ‘तो गाल बघ. बरोब्बर बेडकाच्या मापाचा.’

‘सूज आहे ती.’

‘तुला तसं वाटावं, हाच तर त्याचा डाव! प्रेत तोंडात आहे. ए, तोंड उघडा!’

‘खबरदार!’ नणंद ओरडली. ‘आत्ताच दाढ काढलीय. अर्धा तास कापूस दाबून गप्प बसायला सांगितलंय मी.’

पेशंट ‘म्म्म्! म्म्म्!’ करत टाकीकडे बोट दाखवायला लागला. मग हवेत बोटं नाचवायला लागला.

‘मुरलेला आहे,’ बाबा म्हणाले. ‘एक शब्द फुटत नाही. वर गळा दाबायची धमकी देतोय.’

मी टाकीतलं पालथं मडकं हळूच उचललं. त्याखाली दुसरा बेडूक बसला होता. धडधाकट, गुबगुबीत, आणि उठवल्याबद्दल नाराज.

मावशींनी मट्कन बसकण मारली. ‘अगं बाई! हा तर जिता आहे!’

बाबांचे डोळे लकाकले. ‘दोन जिवंत, एक मेलेला. म्हणजे बेडूक तीन होते!’

‘मी दोनच आणले होते.’

‘तिसरा घुसखोर! बाहेरून आला आणि आत मारला गेला.’

‘पण झाकण बंद होतं.’

‘आल्यावर लावून घेतलं असेल. सुसंस्कृत बेडूक.’

पेशंटने कपाळावर हात मारला, उठून टेबलावरचं पेन घेतलं आणि एक्स-रेच्या पाकिटावर लिहायला लागला.

‘कबुलीजबाब!’ बाबा म्हणाले. ‘सूनबाई, मोठ्याने वाच.’

मी वाचलं. ‘कुणी मेलं नाही. त्याने कात टाकली, ती तरंगत होती. मग त्यानेच ती खाल्ली. मी समोर बसून पाहिलं. माझ्या घरी असे सहा आहेत.’

अपराध पोटात घालणारे पाहिले होते. पुरावा पोटात घालणारा हा पहिलाच.

‘म्हणजे मी नाही मारला?’ मावशींनी त्या पेशंटलाच विचारलं.

त्याने मान हलवली आणि पुन्हा लिहिलं: ‘छान जपलंत. अंग भरलंय, पाणी स्वच्छ आहे. खाणं तळाशी बुडणारं घाला. सोबत मासे नकोत, यांच्या तोंडचा घास पळवतात. नवा बेडूक आणाल तेव्हा पुढच्या पायांच्या बोटांमध्ये पडदा आहे ना बघा. नसला तर तो मोठ्या जातीचा. वाढेल आणि या दोघांना गिळेल.’

मावशींनी ते पाकीट दोनदा वाचलं, पदराने डोळे पुसले, पिशवी खुंटीला अडकवली आणि एप्रन चढवला.

‘मी म्हटलंच होतं,’ बाबा भिंग पुसत म्हणाले, ‘प्रेत तोंडात गेलंय. तोंड कुणाचं, एवढाच तपशील राहिला होता.’

‘बाबा,’ नणंद गोड आवाजात म्हणाली, ‘आलातच आहात तर खुर्चीत बसा. आठवडाभर एकाच बाजूने चावताय ना? वहिनी म्हणाली.’

‘घरातच फितुरी!’ बाबांना त्याच क्षणी गावाच्या दुसऱ्या टोकाचं एक अतिशय तातडीचं प्रकरण आठवलं. पण मावशींच्या अंगात आता दहा हत्तींचं बळ आलं होतं. त्यांनी दार लावलं आणि कडीपुढे उभ्या राहिल्या.

बाबा खुर्चीत बसले.

‘कुठली दुखते?’

‘वरची, शेवटची. शंकाच नाही.’

नणंदेने वरच्या दाढेवर टकटक केलं. बाबा शांत. मग खालचीवर केलं. बाबा खुर्चीतून वीतभर उडाले.

‘खालची आहे, बाबा,’ ती म्हणाली.