नोनो, बाहेर येऊ नका!

मी फक्त एवढंच म्हणलं होतं, "नोनो, बाहेर येऊ नका." त्यावर शेवटी आईनं मला जे ऐकवलं ते इथं लिहिता येत नाही. (लिहिलं असतं, पण त्यातल्या निम्म्या शब्दांचं शुद्धलेखन मला येत नाही.)

नोनो म्हणजे आईचे वडील. ब्युनोस आयर्सला आमच्या बाजूला घरटी एक नोनो असतो आणि प्रत्येक नोनोला एक फुटबॉल क्लब असतो. दात बदलतात, चष्मा बदलतो, क्लब बदलत नाही. आमचा क्लब बावीस वर्षं खालच्या डिव्हिजनमध्ये सडतोय. आणि आता रविवारची एक मॅच जिंकली की वर!

स्टेडियम घरापासून सहा गल्ल्यांवर. पण मी आतून कधी बघितलेलं नाही. आत मेंबरच नेऊ शकतो, आणि घरात मेंबर एकटे नोनो. मी चालायला लागलो आणि त्यांचे गुडघे चालायचे थांबले, एकाच वर्षी. मग मी काय करतो, गच्चीवर वाळत घातलेल्या चादरींखाली उभा राहून लोकांचा ओरडा ऐकतो. गंमत म्हणजे ओरडा आधी येतो, टीव्हीवर गोल नंतर दिसतो. सगळ्यांच्या आधी मला कळतं, आणि दिसत काहीच नाही.

या मॅचला मेंबरला दोन तिकिटं होती. नोनो म्हणाले, "एक माझं, एक तुझं. तुझ्या आईला मी खांद्यावर बसवून नेलं होतं. आता तू मला ने."

"खांद्यावर?"

"हाताला धरून, गाढवा!"

(मला गाढव म्हणायचा त्यांना पूर्ण हक्क आहे. मी आवाज भारी काढतो. मागच्या महिन्यात बँकेचा साहेब बनून मी त्यांना फोन केला, मोबाईलवर आलेला कोड काढून घेतला, आणि मग सगळ्या घरासमोर लेक्चर झोडलं, "नोनो, कोड कुणालाही सांगायचा नाही! देव आला तरी नाही! मी मागितला तरी नाही!" टाळ्या पडल्या होत्या.)

तर तिकिटं ऑनलाईन. स्वयंपाकघरात कॉम्प्युटर मांडला. आई मिलानेसा, म्हणजे मांसाचे चपटे कटलेट, तळत होती, मामाच्या तोंडात 'माते' नावाच्या कडू चहाची नळी. पडद्यावर आलं, 'तुमच्यापुढे ४१,३०७ जण.' एरवी एवढी माणसं मॅचला आली असती तर क्लब खाली गेलाच नसता.

आकडा हलेना. आम्ही टक लावून बसलो. नोनो कंटाळून बाथरूममध्ये गेले. आतून कडी लागली, खट्ट, आणि आकडा धाडकन तीस हजारांवर!

"कुणी हलू नका!" मामा ओरडला. नळी तोंडातच.

आमच्याकडे हा शकुन देवापेक्षा कडक. गोल झाला की जो जिथे असेल तो तिथेच राहणार. मामानं एक अख्खी फायनल फ्रिजचं दार धरून बघितलीय.

आतून नोनो म्हणाले, "झालं माझं!"

"नाही झालं तुमचं!" मामा म्हणाला. "ताई, तू तशीच उलटत राहा."

"अरे, जळतंय ते!"

"जळू दे! तेवीस हजार!"

तेवढ्यात कडी वाजली आणि आकडा थांबला. तेव्हा मी ते ऐतिहासिक वाक्य बोललो, "नोनो, बाहेर येऊ नका!" बिचारे बसले परत. मी दाराखालून बिस्किटं सरकवली. (साधी जातात. क्रीमची अडकतात.)

घरभर धूर. आईच्या डोळ्यांत पाणी. आणि आकडा एक!

पान उघडलं. दोन जागा, शेजारी शेजारी. खाली लिहिलं होतं, 'मेंबरच्या मोबाईलवर पाठवलेला कोड टाका. वेळ दोन मिनिटं.'

"नोनो! कोड आला का?"

"आला."

"सांगा!"

आतून नोनो म्हणाले, "नाही सांगणार."

"नोनो, मी तादेओ!"

"म्हणूनच."

मामा नळी थुंकून दारावर आपटला. "बाबा, मी सांगतोय, द्या त्याला!"

"अरे वा! मामाचा आवाज झकास काढतोस!"

"बाबा," आई रडकुंडीला आली, "मी सिल्विना! अहो, खरंच तिकिटं मिळतायत!"

"आईचा तर त्याहून झकास! पोरगं नाव काढणार."

"मग दार तरी उघडा!"

"बाहेर येऊ नका म्हणालास ना? नाही येत!"

दोन मिनिटं संपली. 'पुन्हा रांगेत उभे राहा. तुमच्यापुढे ५८,९१२ जण.'

नोनो बाहेर आले ते हसत, मोबाईल नाचवत. "फसलो का? नाही फसलो!" मग त्यांनी आमची तोंडं बघितली. मग पडदा. मग काळी पडलेली मिलानेसा.

"खरं होतं?"

गळ्यात क्लबचा मफलर होता, आतसुद्धा घालून बसले होते. तो काढला, घडी घातली, मांडीवर ठेवला आणि हात फिरवत राहिले. "पुढच्या वेळी जाऊ," म्हणाले. वय एक्याऐंशी. आईचं भाषण तिथून सुरू झालं.

रविवारी घरातच टीव्हीसमोर बसलो. नोनोंच्या शेजारी, त्यांना हाताला धरून. शून्य-शून्य. दुसऱ्या हाफमध्ये मला राहवेना, बाथरूममध्ये पळालो. कडी लावली आणि वरच्या छोट्या खिडकीतून तो ओरडा आला. सहा गल्ल्यांवरून, भिंती हलवत.

"गोल!" मी किंचाळलो. "नोनो, गोल झाला!"

"गप रे फसव्या!" बाहेरून मामा.

आणि मग टीव्हीवर गोल झाला. खुर्च्या पडल्या, आई रडायला लागली, मामा काय बोलत होता ते मामालाही कळत नसेल. मी कडीला हात घातला.

"तादेओ," दाराला तोंड लावून नोनो म्हणाले, "बाहेर येऊ नको."

"नोनो, अजून वीस मिनिटं आहेत!"

"माहितीये."

क्लब वर गेला. मी ते सगळं खिडकीतून ऐकलं, कमोडवर उभा राहून, नेहमीसारखं सगळ्यांच्या आधी. मध्ये एकदा दाराखालून बिस्किट आलं. क्रीमचं होतं.

अडकू नये म्हणून नोनोंनी क्रीम चाटून पाठवलं होतं.