कासवाच्या पाठीवरची खूण

एका जंगलात, बाळांनो, सगळे प्राणी ज्येष्ठ होते. जे नव्हते त्यांनी गप्प बसून ज्येष्ठ होण्याची वाट पाहायची, अशी तिथली रीत होती.

दुर्वा ससुलीला वाट पाहायला वेळ नव्हता. तिच्या कुरणातलं डबकं आटलं होतं. धाकटी भावंडं ओला चिखल चाटत होती. तळं काठोकाठ भरलेलं होतं, पण झाडीपलीकडे. तिथून चर खणला तर पाणी कुरणात उतरेल का, एवढाच प्रश्न होता.

दुर्वा नदीपल्याड जाऊन तलमापन शिकली होती. तलमापन म्हणजे जमीन कुठे उंच नि कुठे सखल, हे मोजायची विद्या. येताना तिने तिपाईवरची दुर्बीण आणली. दुर्बिणीवर काचेची नळी, नळीत बुडबुडा. बुडबुडा मधोमध आला की नजर सपाट झाली समजायचं. मग समोर आकड्यांची पट्टी उभी करायची. आकडा मोठा दिसला तर तिथली जमीन खाली, लहान दिसला तर वर. पट्टी धरायला तिची मैत्रीण, धवला बगळी. एका पायावर न हलता उभं राहण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं.

"फक्त एक पक्की खूण हवी," दुर्वा पंचांना म्हणाली. "कधीही न हलणारी. सगळ्या उंच्या तिच्यापासून मोजायच्या. तो काळा कातळ चालेल."

पंचांचे प्रमुख होते रावजीअण्णा गवा. त्यांनी रवंथ थांबवलं.

"कातळ? अगं, घरात वडीलधारे असताना दगडाला कसला मान? कासवआजोबा या जंगलात सर्वांत जुने. खूण त्यांच्या पाठीवर कर."

"अण्णा, आजोबा चालतात."

"कधी पाहिलंस त्यांना चालताना?"

"पाहिलं नाही. पण काल ते आंब्याखाली होते, आज इथे टेकाडावर आहेत."

साळिंदरकाकूंचे काटे उभे राहिले. "बघा, बघा! चार बुकं काय शिकली, आजोबांवर पाळत ठेवते कार्टी!"

"खूण आजोबांच्या पाठीवर," अण्णा म्हणाले, "नाहीतर चर नाही."

दुर्वाला भावंडांच्या सुकलेल्या जिभा आठवल्या. तिने राग गिळला. आजोबांच्या पाठीवर हळदीचा ठिपका लावला आणि त्याची उंची शंभर हात धरली. आजोबा घोरत होते.

त्या दिवशी तळ्याची उंची निघाली. अठ्ठ्याण्णव हात. कुरणाचं माप दुसऱ्या दिवसावर गेलं.

सकाळी दुर्वा येऊन पाहते तर आजोबा टेकाडावरून उतरून थेट खालच्या खळग्यात, गार चिखलात पहुडलेले. ठिपका पाठीवर तसाच.

"अण्णा, खूण सहा हात खाली गेलीय!"

"आजोबा काल शंभर होते, आज शंभर आहेत. उद्या म्हणशील, त्यांचं वयसुद्धा कमी झालं!"

त्याच शंभरापासून कुरण मोजलं गेलं. तेही शंभर भरलं. म्हणजे तळ्याहून दोन हात उंच.

"पाणी चढ चढत नाही, हे शेंबडं पोरही सांगेल," अण्णांनी निकाल दिला. "चर नामंजूर."

"कुरण उंच असेल तर पावसाळ्यात आमच्याच बिळांत पाणी का शिरतं?"

"तुम्ही बिळं खोल खणता म्हणून."

पंचांनी माना डोलावल्या. आजोबांनी चिखलातच कूस बदलली.

मग दुर्वाने कुणालाच विचारलं नाही. ती आणि धवला गुपचूप काळ्या कातळाशी गेल्या. तिथून मोजत मोजत तळं गाठलं, कुरण गाठलं, आणि ताळा घ्यायला मोजत मोजत पुन्हा कातळाशी आल्या. कातळ होता तिथेच होता. आकडे जुळले. कुरण तळ्याहून चांगलं चार हात खाली होतं. साऱ्या सशांनी पंजे सोलवटेपर्यंत चर खणला आणि पाणी खळाळत कुरणात आलं.

पंच धावत आले. दुर्वा भांडायच्या तयारीत उभी राहिली. पण अण्णांच्या डोळ्यांत चक्क पाणी होतं.

"चढलं! पाणी चढ चढलं!"

"अण्णा, हा उतार आहे!"

"पंचांनी मोजलेला चढ आहे हा. दोन हातांचा. आजोबांच्या पुण्याईशिवाय पाणी चढेल का?"

साळिंदरकाकूंनी गालावर चापट्या मारून घेतल्या. आजोबांना उचलून चराच्या तोंडाशी आणलं. वर मखर चढलं. दूरदूरचे कळप चमत्कार बघायला लोटले. सशांना हुकूम झाला की पाणी सोवळ्यातलं आहे, कुणी परस्पर तोंड लावायचं नाही.

दुर्वा भावंडांना घेऊन रांगेत उभी राहिली. ऊन कलताना तिचा नंबर आला.

"डावा नाही, उजवा पंजा पुढे कर," साळिंदरकाकू खेकसल्या, आणि त्यांनी तिच्या पंजावर पळीभर तीर्थ घातलं.

तात्पर्य : बाळांनो, मोजमाप बिनचूक केलंत तर नुसतं पाणी येतं. देव व्हायचं असेल तर मोजमाप चुकायला हवं, आणि ते चुकत असताना आपण झोपलेलं असायला हवं.