रावजी वानराचा ॲव्होकाडो

हाताची घडी, तोंडावर बोट! हं, आता ऐका. एका जंगलात रावजी नावाचा वानर राहत होता. त्याच्या दारात जांभूळ होतं, कुंपणाला करवंदीची जाळी होती. रावजी दिवसभर खायचा आणि खाऊन दमला की झोपायचा. अगदी सुखी होता बिचारा.

एकदा देशोदेशी हिंडणारा करकोचा त्याच्या अंगणात उतरला.

"जांभूळ?" करकोचा म्हणाला. "हे तर कुणाच्याही दारात असतं!"

रावजीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याच दिवशी त्याने जांभूळ तोडलं, करवंदी उपटली आणि ॲव्होकाडोचं रोप लावलं.

त्याची बायको गोदावरी तेव्हा पोटुशी होती.

"अहो, काहीतरी आंबट आणा ना. डोहाळे पुरवले नाहीत तर बाळाचे कान फुटतात म्हणे."

"अगं, जरा दम धर. सहा वर्षांत ॲव्होकाडो लागेल."

"मला सातवा महिना लागलाय!"

"मग? एवढे दिवस काढलेस, आणखी थोडे काढ."

गोदावरी तडक माहेरी गेली. तिथे तिने पोटभर करवंदं खाल्ली. मुलगा झाला, त्याचे कान ठणठणीत होते. रावजी काही बारशाला गेला नाही. झाडाला पाणी कोण घालणार?

वर्षं गेली आणि झाडाला फळ लागलं. एकच. आता भीती होती माकडांची. माकडजात फार हावरट, असं रावजी शेपटी आपटून सांगायचा. म्हणून त्याने झाडाखाली बुजगावणं उभं केलं. ते इतकं झकास जमलं, की ते बघून रावजीच किंचाळत टेकडीवर पळाला.

मग खाली यायची त्याची छाती होईना. त्याच्या डोळ्यांदेखत फळ पिकलं, गळलं आणि सडलं. तेवढ्यात गोदावरी मुलाला घेऊन टेकडीवर आली. आता ही चार शब्द सुनावणार, असं रावजीला वाटलं.

"चला, जेवायला चला," ती म्हणाली. रावजीला रडूच कोसळलं.

जंगलात मात्र त्याचं नाव झालं. "काय दुर्मिळ फळ हो! मालकालासुद्धा मिळत नाही!" असं म्हणत सगळ्यांनी आपापल्या दारातली जांभळाची झाडं तोडली. रावजी हल्ली सासुरवाडीला करवंदं खातो आणि बाहेर ॲव्होकाडोवर व्याख्यानं देतो.

तात्पर्य : दारात झाड असं लावावं, की त्याचं फळ बघायला गाव लोटावं आणि खायला कुणालाच मिळू नये. पोट भरायला सासुरवाडी असतेच. फक्त सासूला बागकामाचा नाद लागू देऊ नये.