सगुणाबाईंचा पकड-दर

एका जंगलात, मुलांनो, प्राणी पकडायला पोकळ कवठ वापरत. कवठ नेम धरून मारायचं. लागलं की प्राणी आत. मग कवठ तीनदा हलायचं. तिसऱ्यांदा हलून थांबलं, तर प्राणी तुमच्या संघात. मध्येच फुटलं, तर पळाला. एवढा प्राणी एवढ्याशा कवठात कसा मावतो, हे विचारू नका. मावत असे.

संघ लागे पाणवठ्यासाठी. दर चैत्रात ओढ्यापलीकडची सहा रानडुकरं पाणी मागायला येत. या जंगलाने आपले सहा प्राणी पाण्यात उभे करायचे. दुपारपर्यंत एक जरी टिकला, तरी उन्हाळाभर पाणी यांचं. नाहीतर डुकरांचं.

संघ निवडायचं काम वाघीणबाईसाहेबांनी यंदा मुंगूसरावांना दिलं. मुंगूसराव अभ्यासू. त्यांनी प्रत्येकाचा पकड-दर काढला. शंभर कवठं मारली, तर किती वेळा सापडतो? ससा सात वेळा. पिसोरी हरीण पाच. खवलेमांजर दोन.

"जो सापडत नाही, तोच मोलाचा," मुंगूसराव म्हणाले.

शेवटी सगुणा म्हशीची पाळी आली. मुंगूसरावांनी नेम धरला.

"कशाला हात दुखवून घेता?" सगुणाबाई म्हणाल्या. "हाक मारा की. येते मी."

आणि त्या आपणहून कवठात जाऊन बसल्या. कवठ हललंसुद्धा नाही.

"शंभरपैकी शंभर," मुंगूसरावांनी तोंड वाकडं केलं. "अगदीच सामान्य. बाहेर या बाई."

"मला पाण्याजवळ राहू द्या, एवढंच," त्या म्हणाल्या. त्यांचे गुडघे गेले होते. दुसरं पाणी पाच कोसांवर. तिथवर त्यांना चालवणार नव्हतं.

वाघीणबाईसाहेबांनी यादी पाहिली. "सगुणा कुठाय?"

"बाईसाहेब, माया वेगळी आणि संघबांधणी वेगळी."

बाईसाहेबांना वाटलं, आपल्याला यातलं कळत नाही. त्यांनी यादी परत दिली.

चैत्र आला. मुंगूसरावांचे सहा दुर्मीळ प्राणी पाण्यात उभे राहिले. डुकरांनी नुसतं फुरफुर केलं. ससा कुठे गेला, ते कुणाला दिसलंच नाही. त्याच्यामागे पिसोरी. बाकीचेही गेले. खवलेमांजराने अंगाचा चेंडू केला आणि ते उतारावरून थेट खालच्या गावापर्यंत गेलं.

"काय चपळाई आहे," झाडावरून मुंगूसराव म्हणाले. मग त्यांना पाणवठा रिकामा दिसला.

"अहो सगुणाबाई," त्यांनी हाक मारली.

सगुणाबाई जवळच चरत होत्या. त्या आल्या, पाण्यात उतरल्या आणि उभ्या राहिल्या.

डुकरांनी त्यांना पुढून धडका दिल्या. मग बाजूंनी दिल्या. त्या पाण्याकडे बघत उभ्या होत्या. दुपार झाली तेव्हा डुकरं थकून परत गेली.

पाणी राहिलं. मुंगूसरावांचा सत्कार झाला. त्यांनी संघबांधणीवर भाषण केलं. सगुणाबाई काठावर बसल्या होत्या. संध्याकाळी त्या थोडं पाणी प्यायल्या.

सकाळी बाईसाहेब म्हणाल्या, "सगुणाला बोलवा. तिचं काहीच केलं नाही आपण."

मुंगूसरावांनी काठावर जाऊन हाक मारली. सगुणाबाई उठल्या नाहीत. त्यांनी जवळ जाऊन हाक मारली. मग कवठ मारलं. ते अंगाला लागून नुसतं गडगडत पाण्यात गेलं. एकामागून एक त्यांनी शंभर कवठं मारली.

परत येऊन त्यांनी वही उघडली. जुना आकडा खोडला. तिथे शून्य लिहिलं.

"बाईसाहेब," ते हलक्या आवाजात म्हणाले, "इतका दुर्मीळ प्राणी या जंगलात कधी झाला नाही. पुढच्या वर्षीच्या संघात पहिलं नाव त्यांचंच."

तात्पर्य : मुलांनो, कुणी हाक मारली की लगेच जाऊ नये. निदान दहा-वीस कवठं चुकवावीत. बोलावणाऱ्यालाही आपण काही मिळवलं, असं वाटायला हवं.