पिवळ्या दाराचा ठराव

आमच्या सोसायटीत वानखडेकाकांना हाक मारण्याआधी लोक त्यांचा शर्ट बघतात. निळा असला की काका शांत. नारिंगी असला की तक्रार घेऊन निघालेले. "मन रंगावर चालतं हो, सेक्रेटरी!" हे मलाच ऐकावं लागतं, कारण कोथरूडच्या या सोसायटीचं सेक्रेटरीपद माझ्या गळ्यात आहे.

लाल भिंतींच्या हॉटेलात ते पाऊल टाकत नाहीत. लाल रंग म्हणे भूक नसताना खायला लावतो. भांडणं थांबावीत म्हणून त्यांनी लिफ्टला आतून स्वतः आकाशी रंग दिला. तो बटणांत गेला. भांडणं चालूच राहिली, लिफ्ट तेवढी आठवडाभर थांबली.

यंदा मात्र कहर झाला. आमच्याकडे सगळी दारं तपकिरीच हवीत, असा नियम. काकांनी अर्ज केला : माझं दार पिवळं करू द्या. सोबत दहा पानांचं टिपण, 'पिवळा रंग आणि मानवी मन'.

सभेत काका उठले. "पिवळा लांबून हाक मारतो. माणूस चुकत नाही."

"पण चुकतंय कोण, काका?" मागून कोणीतरी विचारलं. हशा पिकला.

काकांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

कोण चुकतंय ते मला ठाऊक होतं. काकूंना हल्ली विसर पडतो. चारही मजल्यांवर सारखीच दारं. उघडं दिसेल त्या घरात त्या शिरतात. एवढं एक वाक्य बोलले असते तर ठराव तिथेच पास होता. पण बायकोचं दुखणं चारचौघांत मांडायचं नाही, हा हट्ट. मला त्यांचा रागही आला आणि भरूनही आलं.

तेवढ्यात जोशीकाकू उठल्या. प्रत्येक ठरावाला विरोध करणाऱ्या. झालं, म्हटलं, संपलं! परवाच वानखडेकाकू या जोशीकाकूंच्या स्वयंपाकघरात जाऊन मटार सोलत बसल्या होत्या.

"टिपण मी वाचलंय," जोशीकाकू म्हणाल्या. "शास्त्रशुद्ध आहे. मंजूर करा. आणि रंग चांगला ठसठशीत द्या, मुळमुळीत नको."

टिपणाची एकुलती एक प्रत माझ्या फायलीत होती. मी फाईल मिटली. एकेक करत सगळे हात वर गेले, विचारणाऱ्याचासुद्धा. टाळ्या अशा वाजल्या की वॉचमन धावत आला.

रंग वाळला त्या दिवशी काकांनी खाली काकूंना लिफ्टमध्ये बसवून तिसऱ्याचं बटण दाबून दिलं आणि मला ओढत जिन्याने निघाले. धापा टाकत आम्ही तिसऱ्या मजल्याच्या अलीकडच्या वळणावर थांबलो. रखडत वर आलेल्या लिफ्टमधून काकू बाहेर आल्या. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, आणि सरळ चालत जाऊन पिवळं दार ढकललं.

"अहो, कुठे राहिलात?" आतून आवाज आला.

"आलो गं," काका म्हणाले, आणि उरलेल्या चार पायऱ्या काही त्यांना चढवेनात.