सासऱ्यांच्या माशांच्या मिशा

“मासे सांभाळायला काय अक्कल लागते? मी रोज चाळीस डोकी सांभाळतो!”

सलूनच्या आरशासमोर उभं राहून जावईबापूंनी सासऱ्यांना हे ऐकवलं. सासरे महिनाभर थोरल्या लेकीकडे निघाले होते, म्हणून काचेची टाकी धाकट्या जावयाच्या दुकानात ठेवून जात होते. टाकीत सहा कॅटफिश होते. अंगठ्याएवढे, सदा तळाशी वावरणारे, आणि ओठांवर झुपकेदार मिशा!

“मिशांनी तळ चाचपून खातात ते. म्हणून खाली मऊ वाळू आहे. तिला हात लावू नका.”

“बाबा, निर्धास्त जा!”

चारच दिवसांत ती मातकट वाळू जावईबापूंच्या डोळ्यांत खुपायला लागली. आरशांच्या दुकानात माती? छे! त्यांनी ती उपसून फेकली आणि रंगीत काचखड्यांचा चमचमता थर ओतला. गिऱ्हाइकं खूश! त्या आनंदात मासेही का उपाशी राहावेत, म्हणून दाणे मूठमूठ पडू लागले. उरलेले फटींत कुजत राहिले.

तिसऱ्या आठवड्यात पोस्टातून निवृत्त झालेले काका दाढीला बसले. तोंडाला फेस, नजर टाकीवर.

“अरे, यांच्या मिशा कुठं गेल्या?”

वस्तरा हवेतच थांबला. जावईबापूंनी वाकून पाहिलं. सहाच्या सहा सफाचट!

“सवयीनं हात चालला की काय तुझा?”

झालं! संध्याकाळपर्यंत गल्लीभर बभ्रा. ‘हा माशालाही सोडत नाही!’ एका गिऱ्हाइकानं तर मिशीवर तळहात ठेवूनच दाढी करून घेतली.

जावईबापूंना मात्र हसू येईना. एक मासा खड्यांत तोंड खुपसायचा आणि चटका बसल्यासारखा मागे सरकायचा. पुन्हा भूक, पुन्हा चटका. दुकान बंद करून ते थेट मासेवाल्या बाईंकडे धावले.

“खडे टोचून झिजल्या, घाणीनं सडल्या,” बाई म्हणाल्या. “येतील परत. मऊ वाळू घाला, तळ स्वच्छ ठेवा, खाणं मोजकं. आणि वाळू पाणी नितळ होईपर्यंत धुवा हं!”

दुसऱ्या दिवशी मासे बादलीत काढून जावईबापू वाळू धुवायला बसतात न बसतात तोच बायकोचा फोन.

“अहो, बाबा आलेत! सलूनकडेच निघालेत!”

“आज? अजून आठवडा होता ना?”

“तुमच्या त्या पोस्टातल्या काकांनी कळवलं त्यांना!”

आता कुठलं नितळ न् काय! एकदाच खंगाळलेली वाळू टाकीत, वर शिळं पाणी, त्यात मासे. टाकीचा क्षणात घट्ट चहा झाला! तेवढ्यात सासरे दारात.

“जावईबापू, मासे कुठं आहेत?”

“आहेत की आत.”

“दिसत नाहीत.”

“लाजतात!”

हे कॅटफिश मधूनच हवेचा घोट घ्यायला वर येतात. नेमका तेव्हाच एक आला. सासऱ्यांच्या नाकासमोर काचेला गुळगुळीत ओठ टेकवून घोट घेतला आणि चहात बुडी मारली.

जावईबापूंचा बांध फुटला. “बाबा, चूक झाली. तुमची वाळू मी काढली. दिखाव्यापायी मुक्या जिवांचे हाल केले हो!”

सासऱ्यांनी जावयाच्या खांद्यावर हात ठेवला.

“माझ्या पहिल्या माशांचं मी हेच केलं होतं. तेव्हा मला सांगायला कुणी नव्हतं. तुम्हांला मी आहे. मिशा पूर्ण येईपर्यंत इथंच राहतो.”

दोन दिवसांत पाणी निवळलं. मासे वाळूत तोंड खुपसून मजेत चरू लागले. आता दोन महिने होत आले. मिशा पूर्ण आल्यात, असं जावईबापूंचं ठाम मत आहे. सासऱ्यांना त्या अजून किंचित आखूड वाटतात.